हवामानबदलाची काळजी करावी का, आणि किती?

२०१९ सालच्या मे महिन्यात कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी, अथणी, रायबाग या तालुक्यांत कृष्णेचे पात्र इतके कोरडे पडले होते की, महाराष्ट्राने कोयनेतून पाणी सोडावे अशी मागणी कर्नाटक सरकारला करावी लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांनी याच पट्ट्यातील गावे पाण्याखाली घातली, निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि कित्येक दिवस पाण्यात उभा राहिलेला ऊस कुजून गेला. अशा वर्षांनंतर सीमाभागात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काहींच्या मते हा जगबुडीचा आरंभ आहे आणि माणसाचे दिवस भरले आहेत. काहींच्या मते पाऊस पहिल्यापासून असाच लहरी आहे आणि हवामानबदल ही मोठ्या लोकांच्या परिषदांपुरती गोष्ट आहे. दोन्ही बाजू ठामपणे मांडल्या जातात, आणि दोन्हींमध्ये माणसाला स्वतः काही करावे लागत नाही, ही त्यांची सोय आहे.

माणूस नावाची जात नष्ट होईल, असे हवामानशास्त्र सांगत नाही. मात्र आपली शेती, धरणे, पाणीवाटप आणि घरे ज्या पावसाच्या हिशेबावर उभी आहेत, तो हिशेब बदलत चालला आहे, हे ते सांगते. काळजी करायची असेल तर ती या दुसऱ्या गोष्टीची करावी, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी थोडे मुळापासून सुरुवात करावी लागेल.

हवा तापते म्हणजे काय होते

सूर्यप्रकाशाने जमीन आणि समुद्र तापतात आणि ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने परत आकाशाकडे जाऊ लागते. हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू या किरणांना अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साईड, मिथेन असे काही थोडे वायू मात्र ती शोषून घेतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात. यांना हरितगृह वायू म्हणतात. ते मुळीच नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि भात, ऊस, तंबाखू सोडाच, गवतही उगवले नसते. म्हणजे हे वायू मुळात उपकारक आहेत. प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आहे.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साईड असलेली नळी अधिक तापते, हे दाखवले. पाठोपाठ जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत हे वायू उष्णता कशी शोषतात याची मोजमापे केली, आणि १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साईड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित हाताने मांडले. राजकीय पक्ष, परिषदा आणि अनुदाने यांचा या विषयाशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, म्हणून ‘हे सगळे कोणीतरी रचले आहे’ या आक्षेपावर अधिक जागा खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साईडचे सुमारे २८० रेणू होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. वाढलेला कार्बन जमिनीखालच्या कोळशातून आणि तेलातून आला आहे, हे त्याच्या अणूंच्या प्रकारांवरून ओळखता येते. सूर्यच अधिक तापला असेल, ही शंकाही तपासून झाली आहे. सूर्य कारणीभूत असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा निवतो आहे, आणि उष्णता खालीच अडवली जात असेल तरच असे घडते.

सोसायटीचे कर्ज आणि हवेतला कार्बन

येथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. धूर कमी केला की हवा लगेच पूर्ववत होईल, असे आपण धरून चालतो. पण कार्बन डायऑक्साईडचा हिशेब गावातील कृषी पत्तीन (म्हणजे पतपुरवठा) सोसायटीच्या कर्जासारखा आहे. दरवर्षी एक लाख उचलणाऱ्या शेतकऱ्याने यंदा ऐंशी हजारच उचलले, तर त्याची उचल कमी झाली हे खरे, पण खात्यावरचे कर्ज वाढलेच. ते वाढायचे थांबण्यासाठी उचल आणि फेड समान व्हावी लागते, आणि ते उतरण्यासाठी फेड जास्त व्हावी लागते. पृथ्वीला ताप होतो तो खात्यावरच्या एकूण बाकीमुळे. जग दरवर्षी सुमारे चाळीस अब्ज टन कार्बन डायऑक्साईड हवेत सोडते. त्यातील निम्म्याच्या आसपास समुद्र, जंगले आणि माती शोषून घेतात, उरलेला हवेत राहतो आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतके तेथेच असतो.

‘निव्वळ शून्य’ हा शब्द वर्तमानपत्रांत वारंवार येतो, त्याचा अर्थ उचल आणि फेड समान करणे एवढाच. भारताने त्यासाठी २०७० हे वर्ष ठरवल्याचे २०२१ च्या ग्लासगो परिषदेत जाहीर केले. ते साधले तरी आजवरची बाकी एकाएकी उतरणार नाही. म्हणूनच उशिराची येथे वेगळी किंमत मोजावी लागते.

एका अंशाने असे काय बिघडते?

जागतिक हवामान संघटनेच्या मोजणीनुसार २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. भारताच्या भूमीवरील सरासरी वाढ १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश इतकी आहे. बेळगावात सकाळ आणि दुपार यांच्या तापमानांतच बारा-पंधरा अंशांचा फरक असतो, मग एका अंशाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण रोजचा चढउतार आणि साऱ्या पृथ्वीची सरासरी या वेगळ्या गोष्टी आहेत. वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच कमी होती, आणि तेवढ्यावर उत्तर अमेरिका आणि युरोपचा मोठा भाग किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली होता व समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती.

आपल्या भागात ही सरासरी पावसातून बोलते. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्याचे दोन परिणाम होतात आणि ते परस्परविरोधी भासतात. तापलेली हवा जमिनीतील ओल अधिक वेगाने ओढून घेते, म्हणून पावसाने ताण दिला की जमीन लवकर सुकते. उलट, पाऊस पडायला लागला की हवेत साठलेले अधिक पाणी थोड्या वेळात खाली येते. एकाच वर्षात कोरडी कृष्णा आणि महापूर हे दोन्ही दिसणे त्यामुळे या शास्त्राशी विसंगत ठरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले, आणि त्याच काळात मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटलेली होती.

२०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अथणीसारख्या कोरड्या तालुक्याला वर्षभरात जेवढा पाऊस मिळतो, साधारण तेवढा. ते पाणी कृष्णेने खालीच यायचे असते, आणि ते आले.

तरीही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक पूर हवामानबदलाच्या नावावर टाकणे ही पळवाट आहे. २०१९ च्या पुराचे खापर पश्चिमेकडे, महाराष्ट्रात, कर्नाटकातील अलमट्टी धरणावर फोडले गेले आणि पूर्वेकडे, कर्नाटकात, महाराष्ट्रातील कोयना-वारणा-राधानगरी धरणांच्या विसर्गावर. महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात मात्र अलमट्टीला या पुराचे कारण मानले नाही. अतिवृष्टी निसर्गातून येते, पण नदीच्या पात्रात भराव घालणे, ओढे बुजवून प्लॉट पाडणे आणि बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारखे प्रवाह गाळाने व झुडपांनी तुंबू देणे हे आपण केलेले आहे. शहापूर-वडगावच्या शिवारातील भात दर पावसाळ्यात का बुडते, हे तेथील शेतकऱ्याला विचारले तर तो पृथ्वीच्या तापमानाआधी नाल्याचे नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. बदललेले हवामान या जुन्या दुखण्यांवर भार वाढवते.

‘हवामान पूर्वीही बदलतच होते’

होय, आणि माणसापेक्षा ते फार जुने आहे. पण हिमयुगातून बाहेर येताना पाच-सहा अंशांची वाढ व्हायला दहा हजार वर्षांच्या आसपास काळ लागला. आताची दीड अंशाच्या जवळपासची वाढ दीडशे वर्षांत झाली आहे आणि तिच्यातील मोठा भाग गेल्या पन्नास वर्षांतला आहे. शिवाय शेती, गावे, राज्ये, कालवे हे सारे गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांतील स्थिर हवामानात घडले. तीन लाख वर्षांपूर्वीच्या माणसाला पाऊस हलला की स्वतःलाही हलता येत असे. खानापूरच्या भातकऱ्याला सात-बारा घेऊन तसे हलता येत नाही.

वेळापत्रकाचेच पाहा. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत वळीव पडून गेल्यावर रोहिणीच्या सुमाराला कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी होते आणि मृगाच्या पावसाने ते उगवून येते. ही पद्धत कित्येक पिढ्यांच्या अनुभवाने बसवलेली आहे. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात १ जूनऐवजी २४ मे रोजीच पोहोचला. माती आधीच चिखल झाली तर धूळवाफ करायची कोठे? त्याच्या दोन वर्षे आधी, २०२३ मध्ये, तो ८ जूनला केरळात आला आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटक सरकारने राज्यातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. एक-दोन वर्षांवरून हवामानाचा निष्कर्ष काढायचा नसतो, हे खरेच आहे. पण पिढ्यांचा अनुभव निरुपयोगी होऊ लागला की शेतकऱ्याचे काय नुकसान होते, ते या वर्षांवरून समजते.

‘उद्याचा अंदाज चुकतो, मग शंभर वर्षांचा कसा खरा मानायचा?’

येत्या १२ जुलैला जांबोटीत पाऊस पडेल की नाही, हे कोणी आज सांगू शकत नाही. पण जुलैमध्ये तेथे जानेवारीपेक्षा जास्त पाऊस पडेल, यावर कोणीही पैज लावील. पहिले भाकीत त्या दिवसाच्या हवेचे आहे, दुसरे सरासरीचे. हवामानबदलाची भाकिते दुसऱ्या प्रकारची असतात. त्यांतही अनिश्चितता आहेच. कार्बन डायऑक्साईड दुप्पट झाल्यास तापमान बहुधा अडीच ते चार अंशांनी वाढेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाचा २०२१ चा अंदाज आहे. ‘नक्की माहीत नाही’ याचा अर्थ आपण नेहमी ‘कमीच होईल’ असा घेतो. अनिश्चितता दोन्हीकडे असते, आणि वरच्या टोकाकडे होणारे नुकसान खालच्या टोकाच्या फायद्यापेक्षा फार मोठे असते.

मग माणूस नामशेष होईल का?

आजची धोरणे चालू राहिली तर या शतकाच्या अखेरीस वाढ अडीच ते तीन अंशांच्या आसपास जाईल, असे बहुतेक अंदाज सांगतात. त्या जगात समुद्रकाठची शहरे, प्रवाळ, हिमनद्या आणि उष्ण प्रदेशांतील शेती यांची मोठी हानी होईल. पण माणूस ही जात संपेल, असे आंतरसरकारी मंडळाच्या कोणत्याही अहवालात म्हटलेले नाही. काही बदल एकदा सुरू झाले की थांबवता येत नाहीत, ही भीती मात्र खरी आहे. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे सात मीटरने चढेल. त्याला हजारो वर्षे लागू शकतील, परंतु त्याची सुरुवात कोणत्या तापमानाला पक्की होईल, ती मर्यादा फार दूर नसावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने समुद्र आपल्या दारी येणार नाही. कारवार आणि गोव्याची माणसे आपल्या दारी येऊ शकतात.

मात्र जात टिकणे ही फारच खालची कसोटी आहे, हे आपल्याच भूमीच्या इतिहासावरून कळते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या, एल निनो नावाच्या घटनेमुळे तेव्हा पाऊस हटला होता, आणि तेव्हाच्या सरकारचे धान्यविषयक धोरण त्याहून कोरडे होते. दक्षिण भारतात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. मानवजातीच्या संख्येत तो एक लहानसा खड्डा होता, आणि मानवजात त्यातून सहज पार पडली. त्या आकड्याकडे पाहून ‘माणूस टिकलाच ना’ असे म्हणणारा मनुष्य आपल्याला समंजस वाटणार नाही.

त्याच दुष्काळातून उलटी गोष्टही शिकता येते. निसर्गाच्या आघाताचे मृत्यूत रूपांतर होते ते गरिबी, उशीर आणि बेपर्वाई यांच्यामुळे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार लोक मेले. २०१३ मध्ये फायलिन हे तीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. सर्वनाशाची भाषा मला म्हणूनच खटकते. ती ऐकणाऱ्याला वाटते की आता करण्यासारखे काही उरलेच नाही.

‘आपण थोडे केले म्हणून काय होणार?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साईडला कारण होतो, अमेरिकी माणूस चौदा टनांच्या आसपास. आजवरच्या एकूण बाकीत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे, आणि आजच्या वार्षिक उचलीत चीनचा. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईने गॅसऐवजी काय वापरावे, असा उपदेश करणे हास्यास्पदच नव्हे तर अन्यायाचे आहे. पण एकूण उत्सर्जनात भारत आता तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि पुढील तीस वर्षांत आपण कोणती वीजकेंद्रे उभारतो यावर बरेच ठरणार आहे. सौरविजेचा खर्च २०१० नंतरच्या दशकात सुमारे ऐंशी-नव्वद टक्क्यांनी उतरला. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे कर्नाटकाने दोन हजार मेगावॅटहून मोठे सौरउद्यान उभे केले, ते त्यागबुद्धीने नव्हे.

काळजी नेमकी कशाची करायची

कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत लवादाचा १९७३ चा निवाडा घ्या. १८९४ पासूनच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नोंदींवरून लवादाने ठरवले की शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षी या नदीत किमान २०६० टीएमसी पाणी असते, आणि ते तीन राज्यांत वाटले. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. म्हादई नदीच्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेले १३.४२ टीएमसी पाणीही जुन्या नोंदींवरूनच मोजलेले आहे. आपण या आकड्यांवरून आंदोलने करतो, बंद पाळतो, अलमट्टीची उंची ५१९.६ मीटर असावी की ५२४.२५६ मीटर यावर दोन राज्ये न्यायालयात जातात. पण ज्या पावसाच्या नोंदींवर हे सारे आकडे उभे आहेत, तसाच पाऊस पुढेही पडेल का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुलांची उंची, धरणांचे सांडवे, पूररेषा, पीकविम्याचे हप्ते, राकसकोप जलाशयाच्या साठ्यावर बेळगावचा उन्हाळा निभावण्याचा बेत, या सगळ्यांचा पाया तोच आहे.

सीमाभागाची अडचण येथे दुहेरी होते. कल्लोळ किंवा यडूरच्या माणसाला आपल्या दारात उद्या किती पाणी येणार हे कळायचे असेल, तर त्याला शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक पाणी सुटले आणि कोयनेच्या पाणलोटात काल किती पाऊस झाला हे माहीत असावे लागते, आणि ही माहिती दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या भाषेच्या कचेरीत असते. पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी एकमेकांशी बोलतात, पण ते बोलणे गावाच्या चावडीपर्यंत वेळेत आणि समजेल अशा मराठी-कन्नडमध्ये उतरणे ही वेगळी व्यवस्था आहे. ती उभारायला पॅरिस करारासारख्या जागतिक हवामान कराराची वाट पाहावी लागत नाही. अथणी-रायबागच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याचा ताण सोसणारी पिके किती एकरांवर परत आणायची, याचा निर्णय मात्र अधिक कठीण आहे, कारण उसाला कारखान्याचा भाव आहे आणि ज्वारीला त्या खात्रीचा भाव नाही. भावाची खात्री दिल्याशिवाय शेतकऱ्याला पीक बदलायला सांगणे म्हणजे हवामानबदलाचे ओझे त्याच्या एकट्याच्या माथी मारणे होईल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला गावाची नवी पूररेषा आखली आहे का आणि तिच्या आत किती घरांना परवाने दिले, हे विचारता येते, आणि त्याचे उत्तर तपासताही येते.